निथळलेलं वजन

आमच्या कॉलेजच्या सभागृहातला एसी त्या दिवशी सकाळपासून चालू होता, म्हणजे पाहुणा मोठा होता. एरवी कुणी अधिकारी आले तरी आमच्याकडे पंख्यावर भागवतात. मी तिथे ग्रंथपाल आहे. असल्या कार्यक्रमांना मागच्या रांगा कर्मचाऱ्यांनी भरायच्या, खुर्च्या रिकाम्या दिसता कामा नयेत, असा अलिखित नियम आहे. फलकावर पाहुण्याचं नाव वाचलं तेव्हा डोकं दुखतंय असं सांगून घरी जायचं मी जवळजवळ ठरवलं होतं. मग म्हटलं, बघू तरी काय बोलतो.

बोलला छान. तो नेहमीच छान बोलायचा. जुनी स्कूटर, तळोज्यातली भाड्याची शेड, बर्फाच्या गाडीमागे केलेली धावपळ, बँकेतल्या साहेबाने दाखवलेला दरवाजा, सगळं सांगितलं आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं. मी साक्ष द्यायला तयार आहे. मग प्रश्नोत्तरं सुरू झाली. पुढच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली आणि तिने विचारलं, "सर, कंपनी काढून माणूस एवढा श्रीमंत होतो, ते माणसांना पिळल्याशिवाय होतं का?"

प्राचार्यांचा चेहरा पडला. पाहुणा मात्र रागावला नाही. हसला, माइक जरा जवळ घेतला आणि म्हणाला, "मी कुणाला पिळलं नाही. माझ्याकडे एक आई होती. गावातली, अंगठाबहाद्दर. वजनाच्या काट्यावर ती बसायची. ती झालं म्हणाली की झालं. एवढ्या वर्षांत एकाही बाईने माझ्याकडे वजनावरून वाद घातला नाही. माझं भांडवल विचाराल तर तो विश्वास हेच माझं भांडवल." सांगताना त्याचा आवाज खरोखर भरून आला होता. सभागृहात टाळ्या पडल्या. शेजारच्या लेखनिक बाईंनी मला विचारलं, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, एसी फार आहे.

ती काट्यावरची आई म्हणजे माझी आई.

आमचं गाव उरणच्या वाटेवर, खाडीला लागून. आता त्याच्या तिन्ही बाजूंनी टॉवर उभे राहिलेत आणि बाहेरचा माणूस त्याला झोपडपट्टी समजतो. जमिनी गेल्या, खाडीतली मासळी आटली, पुरुष कंटेनरच्या गोदामांत चिकटले. तरी लग्नं लागत राहिली आणि लग्नात आई लागायचीच, कारण आई धवलारीण. आम्हा आगरी लोकांच्या लग्नात भटजी असतो, पण खरा कारभार धवलारणीचा. ती धवले गाते, म्हणजे गाण्यातूनच एकेक विधी सांगत जाते. आता हळद दळा, आता नवरीला चौकावर बसवा, आता मामाने पुढे यावं. ती गाते, मागून बाकीच्या बायका तीच ओळ उचलतात, आणि ओळ उचलली गेल्याशिवाय कुणी जागचं हलत नाही. गावातल्या निम्म्या सुना आईच्या आवाजावर उंबरा ओलांडून आलेल्या. तिने सांगितलं की करायचं, ही सवय त्यांच्या हाडात बसलेली होती.

तो आमच्याकडे आला तेव्हा मी शाळेत होते. मूळचा सातारकडचा, वडील नोकरदार, वाशीत लहानसा फ्लॅट. त्याला कोळंबी सोलायला बायका हव्या होत्या. आठवडाभर दारोदार फिरला, पण तळोज्याला कारखान्यात बाया पाठवायला एकही घर तयार होईना. कुणीतरी त्याला आमचं घर दाखवलं. तो ओट्यावर बसला, आईने वाढलेलं बोंबलाचं कालवण त्याने हात चाटून खाल्लं आणि म्हणाला, "आई, तुम्ही आलात तर सगळ्या येतील." पहिल्याच दिवशी तिला आई म्हणाला. माझ्या वडिलांना त्यात काहीतरी खटकलं होतं. आई विरघळली.

शेडच्या पूजेला तिने एक गोष्ट केली, जी आमच्यात कुणी कधी केली नव्हती. त्याने सहज म्हटलं, आई, तुमचं ते लग्नातलं गाणं म्हणा ना, शुभ असतं. धवला लग्नाशिवाय म्हणत नाहीत. बारशालाही नाही, वास्तुशांतीलाही नाही. आईने क्षणभर विचार केला, काट्याला हळदकुंकू लावलं आणि गायला लागली. मागून बायकांनी ओळ उचलली. त्यांना वेगळं काही करताच येत नव्हतं, आई गायली की उचलायची. तो हात जोडून उभा होता. आमच्या बायकांच्या लेखी त्या दिवशी त्या कंपनीशी सोयरीक झाली. सोयऱ्याशी घासाघीस करायची नसते. बाहेरच्या कुणाला हे सांगून पटणार नाही, पण पुढचं सगळं या एका चुकीवर उभं राहिलं.

काम साधं होतं आणि वाईट होतं. बर्फाच्या पाण्यातली कोळंबी उचलायची, डोकं मोडायचं, साल काढायचं, पाठीतला काळा दोरा ओढायचा, परत बर्फात टाकायची. गमबूट, टोपी, प्लास्टिकचा एप्रन. हातमोजे मिळायचे, पण मोजे घातले की हात चालत नाही म्हणून सगळ्या काढून ठेवायच्या. बोटं पांढरी पडून सुरकुतायची, नखांच्या कडा पिकायच्या. मजुरी सोललेल्या मालाच्या वजनावर. ओला माल तसाच काट्यावर ठेवला तर पाण्याचंही वजन भरतं, म्हणून जाळी आधी टांगून निथळू द्यायची. इथवर सगळं रास्त होतं. पण किती वेळ निथळू द्यायची, याला नियम नव्हता. तिथे त्याने आईला बसवलं.

हे बसवणं किती हुशारीचं होतं ते मला फार उशिरा कळलं. तिथे एखादा सुपरवायझर बसला असता तर रोज मारामाऱ्या झाल्या असत्या. आमच्या बायका काही गरीब गाय नव्हेत. मासळीबाजारात त्यांनी तोंड सोडलं तर पोलीस दुसऱ्या रस्त्याने जातो. पण आई जाळीकडे बघायची, पाण्याची धार तुटली की म्हणायची, "झाला," आणि जाळी काट्यावर चढायची.

सुरुवातीला धार तुटली की झालं. मग त्याने प्रेमाने सांगितलं, आई, परदेशात जाणारा माल आहे, अजून जरा थांबू या. आई थेंब थांबेपर्यंत थांबायला लागली. नंतर जाळी तिरपी धरायची पद्धत आली, नंतर हलवायची. कोळंबी फार वेळ टांगली की वरचं पाणी संपून तिच्या अंगातलं पाणी गळायला लागतं, ती हलकी होत जाते. बायका काखेत हात दाबून रांगेत उभ्या असायच्या, आईच्या तोंडाकडे बघत. ती म्हणेपर्यंत कुणी चकार शब्द काढत नसे. माझी धाकटी काकी, आईची जाऊ, त्या रांगेत वर्षानुवर्षं उभी राहिली. घरात दोघींचं मिठावरून भांडण व्हायचं, काट्यावर मात्र कधीच नाही.

आईला यात काय मिळत होतं? मान. तिची मजुरी ठरावीक होती, आणि भरभर सोलणाऱ्या काकीपेक्षा कमीच पडायची. कॉलेजात असताना मी एकदा म्हटलं होतं, तुला तिथे उगाच बसवलंय. ती म्हणाली, "तो मना आय म्हनतो. तुमी पोरा काय म्हनता ता म्हना."

आणि तो वाईट होता असं म्हणायला माझी जीभ आजही रेटत नाही. इथेच सगळी गोम आहे. दिवाळीला स्वतः फराळ घेऊन यायचा. बायकांच्या पोरांची नावं त्याला पाठ. माझे वडील गेले तेव्हा हा माणूस एवढी मोठी गाडी रस्त्यावर लावून दिवसभर आमच्या अंगणात मातीत बसला होता, आणि मी पाहिलंय, तो रडत होता. असा माणूस तुमच्याकडून काही घेत असेल तर तुम्हाला कळणार कसं? आणि कळलं तरी तुम्ही मागणार कुठल्या तोंडाने?

कंपनी वाढली. तळोज्यात दुसरी शेड झाली, तिसरी झाली. मग एका मोठ्या कंपनीने ती विकत घेतली, नाव तेवढं त्याचंच ठेवलं. त्याला एवढं मिळालं की पेपरात फोटो आला. नव्या मालकांनी सोलायचं काम ठेकेदाराला दिलं. ठेकेदाराने लांबच्या राज्यांतल्या मुली आणल्या, त्या शेडच्या वरच राहतात म्हणे. आमच्या बायकांना उद्यापासून येऊ नका असा निरोप आला. तो निरोप त्याने दिला नव्हता, ते आता त्याच्या हातात नव्हतं. आईचा मात्र त्याने सत्कार केला. शाल, नारळ, आणि वाकून नमस्कार. म्हणाला, "आई, हे सगळं तुमच्यामुळे." नंतर तो पामबीच रोडवरच्या महागड्या टॉवरमध्ये राहायला गेला आणि फराळ ड्रायव्हरच्या हाती यायला लागला. दोन दिवाळ्या आला. मग बंद झाला.

हे सगळं मला माहीत होतंच. त्या सभागृहात नवीन असं फक्त एवढंच कळलं की त्यालाही माहीत होतं. त्याने सगळ्यांदेखत सांगितलं, अभिमानाने सांगितलं, की माझ्याकडे एक बाई होती जिच्यामुळे कुणी वाद घातला नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांना त्यात विश्वास ऐकू आला. मला जाळीतून गळणारं पाणी ऐकू आलं आणि संताप संताप झाला.

कॉलेज सुटल्यावर मी सीवूड्सच्या मॉलमध्ये गेले आणि त्याच्या नावाचं सोललेल्या कोळंबीचं पाकीट घेतलं. का घेतलं ते नीट सांगता येणार नाही. आई हल्ली माझ्याकडेच असते, उलव्याच्या फ्लॅटमध्ये, गावापासून रिक्षाच्या अंतरावर. पाकीट बघून ती हसली. "इकत आनलीस? ती पन बर्फातली?" आमच्या घरात असलं काही कधी आलं नव्हतं.

मी पाकीट परातीत ओतलं. एकेक कोळंबी बर्फाच्या जाड काचेत बसवल्यासारखी. आई ओट्याशी उभी राहून बघत राहिली. बर्फ सुटायला लागला तशी तिने न बोलता चाळणी काढली, खाली पातेलं ठेवलं आणि कोळंबी चाळणीत उपसली. हात आपोआप चालले असणार. धार लागली, मग थेंब. ती वाट बघत राहिली. शेवटी तिने चाळणी उचलून पातेल्यात पाहिलं. पातेल्यात भरपूर पाणी होतं आणि चाळणीत कोळंबी एवढीशी.

"यो पानी कुठचा?" तिने विचारलं.

मी सांगितलं. गोठवण्याआधी माल भिजवतात, मग पाण्यात बुडवून वरून बर्फाचा थर देतात. माल सुकू नये म्हणून. कायद्याला चालतं, पाकिटावर बारीक अक्षरात छापलेलंही असतं.

"म्हंजे आमी पानी काढाचो," आई म्हणाली, "आनि ते परत घालाचे."

"हो."

"सोलनारीचा कमी आनि घेनाऱ्याचा जास्ती."

मग तिने ते पाणी मोरीत ओतलं आणि म्हणाली की तिला आज जेवायचं नाही. त्या दिवसापासून ती बोलेनाशी झाली. टीव्ही लावायची आणि भलतीकडेच बघत बसायची. एकदाच म्हणाली, "मी म्हनाची झाला, म्हनून झाला."

माझ्या वाचनालयात त्या मुलीच्या प्रश्नाची दोन्ही उत्तरं देणारी पुस्तकं आहेत. उद्योजक नसता तर या बायका घरी बसल्या असत्या, हे म्हणणारी आहेत. उलटं म्हणणारीही आहेत. मुलं परीक्षेपुरती दोन्ही नेतात आणि परत आणून देतात. प्रत्येक मोठी श्रीमंती अशीच होते का, मला माहीत नाही. ही एक कशी झाली ते माहीत आहे, आणि ती एका चांगल्या माणसाने केली, कुठलाही कायदा न मोडता, माझ्या आईच्या पाया पडून. याच्यावर इलाज काय करणार? वाईट माणूस असता तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

पुढच्या महिन्यात गावात चुलतघरात हळद होती. आईला बोलावणं होतंच. मला वाटलं होतं ती नाही म्हणेल, पण ती तयार होऊन बसली. दुपारी मांडवात बायका जात्याभोवती जमल्या, बहुतेक सगळ्या त्या रांगेतल्याच. काकी जात्याचा खुंटा धरून बसली होती. हळद दळायचा धवला सुरू व्हायचा होता. आई उभी राहिली आणि गाण्याऐवजी बोलायला लागली. पाकिटाचं सांगितलं, चाळणीचं सांगितलं, पातेल्यातलं पाणी सांगितलं. म्हणाली, आपल्याकडून काढून घेतलेलं पाणी ते परत घालून विकत होते आणि मी तिथे बसून तुमचं वजन मारलं. मला कळलं नाही.

मला भीती होती की आता कल्ला होईल. पण बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. मग काकीने, खुंट्यावरचा हात न काढता, अगदी सहज सांगितलं.

"आमाला ठावं हाय गो. मी एक पावसाला पाकिंगला नव्हती का? डोल्यांनी बगलाय पानी भरताना."

आई म्हणाली, "मंग मना कनाला नाय सांगलास?"

"तुना काय सांगाचा? तू काट्यावं बसलेली. तुना तुजा वाटा मिलत असल, आमी समजून व्हतो. घराला टाइली लागल्या, पोर कालेजात चिकटली, ता काय उगाच?" काकीच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. "आमी कंदी बोललो का? आपल्यातलीच एक खाते, त खाव दे, म्हनलो. जावदे आथा. हलद खोलंबलेय. गा."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मोठं मनच म्हणावं लागेल. इतकी वर्षं आई आपल्याला लुटते असं धरून त्या तिच्यासमोर रांगेत उभ्या राहिल्या होत्या, तिच्या मागून धवले उचलत होत्या, आणि त्यांनी तिला माफही करून टाकलं होतं. आईने काकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिचं तोंड उघडं होतं. मग त्याच तोंडातून धवला निघाला. आवाज नेहमीसारखाच लागला, बायकांनी ओळ नेहमीसारखीच उचलली, जातं फिरायला लागलं. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभी होते आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

घरी येताना रिक्षात मी धुमसत होते. म्हटलं, मी उद्याच जाऊन काकीला सांगते. टाइल्स माझ्या पगारातून लागल्या. मी परीक्षा देऊन नोकरीला लागले, त्याच्या चिठ्ठीवर नाही. आणि तुला मजुरी तिच्याहून कमी होती. आईने माझं मनगट पकडलं. बर्फातल्या जाळ्या धरून धरून तिची बोटं वाकडी झालीत, ती अजून तशीच आहेत, पण पकड भारी होती.

"नको सांगूस."

"का नको? चोर समजतात तुला."

"समजू दे. वाटा खाल्ला म्हनतान, तरी माज्या मागं गातान." तिने बाहेर बघत सांगितलं. "फुकट बसलेली, त्याच्या आय म्हनन्यावं बसलेली, ता कलला त कोन गाईल? येडीच्या मागं कोन गातं?"

मी नाही सांगितलं. अजूनही कुणाला सांगितलेलं नाही. गावात आम्हाला वाटा मिळाला असंच धरून चाललंय. मार्गशीर्षातल्या एका लग्नाआधी आई मला म्हणाली, एक भारीतलं लुगडं घे, जरीकाठाचं, आणि हातात घालायला पाटल्या, खोट्या असल्या तरी चालतील, पण जाड हव्यात. तिने आयुष्यात कधी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी दोन्ही आणलं. तेव्हापासून ती लग्नाला जाते ती असं नटून, वाटा खाल्लेल्या बाईसारखी.